दहा मिनिटांत काढलेलं नाव

‘कॉम्प्युटर कधी खोटं बोलत नाही’ हे वाक्य कुणी माझ्यासमोर उच्चारलं की माझं डोकं फिरतं. बँकेच्या रांगेत कुणी बोललं तरी, सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी बोलले तरी मी भांडायला उठतो. माझी बायको मेधा म्हणते, "अरे, तुझं आख्खं आयुष्य कॉम्प्युटरवर गेलं आणि तूच असा?" तूच असा म्हणजे काय? आयुष्य त्यात गेलं म्हणूनच असा.

या अंकाच्या संपादकबाईंनी फोनवर सांगितलं होतं, "सबनीस, तुमच्या धंद्यातले गमतीशीर अनुभव लिहा. दिवाळीत लोकांना हलकंफुलकं आवडतं." तसे अनुभव आहेत माझ्याकडे. घाटकोपरच्या एका कापडवाल्या शेठने नवीन वायफायचा डबा चोरीला जाईल म्हणून लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं, आणि सिग्नल येत नाही म्हणून मला तीनदा बोलावलं होतं. तिसऱ्या खेपेला मी कपाट उघडायला लावलं, तेव्हा आत डब्यापुढे उदबत्तीचं घरही होतं. हे सांगून मी लग्नाच्या पंगतींत पुष्कळ हशा मिळवला आहे. पण लिहायला बसलो की शेठ डोळ्यांपुढे येत नाहीत. सुनंदा वाघमारे येतात. म्हणून त्यांच्याविषयी लिहितो. हलकंफुलकं नाही, त्याला इलाज नाही.

आधी माझं काम काय ते सांगतो. अंधेरी ते बोरिवली आणि इकडे घाटकोपर-मुलुंड या पट्ट्यात हजारो छोटी ऑफिसं आहेत. वीस-तीस माणसं, एक मालक, आणि कोपऱ्यातल्या थंड खोलीत एक सर्व्हर. सर्व्हर म्हणजे सगळ्यांच्या फायली जिथे राहतात तो मोठा कॉम्प्युटर. अशा ऑफिसांना पगारावर इंजिनियर परवडत नाही. ती माझ्यासारख्याशी वर्षाचा करार करतात. काही बंद पडलं की, "सबनीस, या लवकर, वाट लागली आहे."

लोक घरून काम करायला लागल्यापासून तक्रारी दोनच जातींच्या. एक, घरून ऑफिसच्या सर्व्हरला जोडलंच जात नाही. दोन, जोडलं जातं, पण भलतंच काहीतरी उघडतं. या दुसऱ्या जातीचं मूळ बहुतेक वेळा नावांत असतं. प्रत्येक कॉम्प्युटरला फोनसारखा एक नंबर असतो. माणसांना नंबर लक्षात राहत नाहीत, म्हणून सर्व्हर एक नोंदवही ठेवतो. अमुक नाव, तमुक नंबर. तुम्ही नाव टाका, तो नंबर शोधून देतो. नंबर टाका, तो नाव सांगतो. आमच्या भाषेत याला डीएनएस म्हणतात. आपण नोंदवहीच म्हणू. ही नोंदवही बरोबर ठेवणं हे माझं काम होतं.

अंधेरी पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या तिसऱ्या मजल्यावर एसीच्या डक्टची ड्रॉइंग काढून देणारी एक कंपनी होती. मोठ्या इमारतींच्या छतातून थंड हवा नेणारे पत्र्याचे बोगदे कुठून कसे जातील याची ती ड्रॉइंग. मालक राजाध्यक्ष साहेब, वय साठीच्या आसपास, बोलणं गोड. त्यांच्याकडे मी आठ वर्षं जात होतो. सुनंदा वाघमारे तिथे ड्रॉइंग करायच्या. मूळच्या जालन्याकडच्या, राहायला चारकोपला, नवरा बसवर कंडक्टर. बोलणं कमी आणि रेघ पक्की. त्यांच्या ड्रॉइंगवर साइटवरून शंका विचारणारा फोन येत नाही, असं तिथले सगळ्यात जुने ड्राफ्ट्समन प्रधान मला सांगायचे.

एका शुक्रवारी सकाळी प्रधानांचा फोन आला. एका हॉस्पिटलच्या इमारतीची ड्रॉइंग ज्या फोल्डरमध्ये होती, तो सर्व्हरवरून गायब होता. अकरा महिन्यांचं काम. मी रिक्षा करून तासाभरात पोचलो. मनात म्हटलं, बॅकअप आहे, काढून देऊ. रोजची सगळ्या फायलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर आपोआप जाईल, ही व्यवस्था मीच केलेली होती.

डिस्क उघडली. शेवटची प्रत तीन आठवड्यांपूर्वीची. डिस्क भरली होती आणि बॅकअप गपचूप थांबला होता. तीन आठवडे मी बघितलंच नव्हतं.

त्या थंड खोलीत मला घाम फुटला. बाहेर राजाध्यक्ष साहेब ओरडत होते, "हे केलं कुणी? सबनीस, मला नाव पाहिजे. आत्ता." आणि खरं सांगतो, त्या क्षणी मलाही नाव पाहिजे होतं. कुणाचंही. कारण नाव सापडेपर्यंत सगळ्यांच्या डोळ्यांपुढे मीच होतो.

सर्व्हर कोण काय करतो त्याची टिपणं ठेवतो. ती उघडली. गुरुवारी दुपारी हा फोल्डर डिलीट झाला होता. ड्रॉइंगची सगळी माणसं एकच लॉगिन वापरायची, त्यामुळे माणूस कळत नव्हता. पण घरून जोडलेल्या एका लॅपटॉपचा नंबर तिथे होता. मी तो नंबर नोंदवहीला विचारला. नोंदवहीने नाव दिलं, सुनंदा यांना कंपनीने घरी वापरायला दिलेल्या लॅपटॉपचं. सगळं मिळून दहा मिनिटं लागली. मी कागद छापला आणि मला हायसं वाटलं. हे हायसं वाटणं मी अजून विसरलेलो नाही.

राजाध्यक्षांनी कागद पाहिला आणि केबिनचं दार उघडून सगळ्यांना हॉलमध्ये उभं केलं. "सबनीस, सगळ्यांना सांगा काय निघालं ते."

मी वाचलं. नंबर, वेळ, नाव. शाळेत निकाल वाचतात तसं.

सुनंदा यांना आधी कळलंच नाही. मग त्या म्हणाल्या, "सर, काल मी रजेवर होते. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. मी दिवसभर दवाखान्यात होते. लॅपटॉप घरी कपाटात होता."

"रजेवर होतीस म्हणूनच घरून केलंस ना!" राजाध्यक्ष म्हणाले. "ऑफिसात बसून केलं असतंस तर सगळ्यांनी बघितलं असतं."

"पण मी कशाला करीन साहेब? अर्धी ड्रॉइंग माझी आहेत त्यातली."

"ते तुला माहीत. गेल्या महिन्यात पगारवाढ नाही मिळाली म्हणून तोंड पाडून फिरत होतीस ना?"

मग त्या माझ्याकडे वळल्या. तिथे पंचवीस माणसं होती, पण त्यांनी मला विचारलं. "सबनीस सर, तुम्ही सांगा ना. दुसरं काही असू शकतं का?"

असू शकत होतं. नंबर आणि नाव यांची जोडी चुकू शकते हे मला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. लोकांच्या ऑफिसात जाऊन मी रोज तेच तर दुरुस्त करत होतो. मी एवढंच म्हणायला हवं होतं, "थांबा, मला अजून एकदा बघू द्या." पण अजून एकदा बघायचं म्हणजे बॅकअपचा विषय निघणार. मी म्हणालो, "टिपणात तर हेच दाखवतंय."

"ऐकलंस?" राजाध्यक्ष म्हणाले. "कॉम्प्युटर कधी खोटं बोलत नाही."

राजाध्यक्षांनी वॉचमनला बोलावून त्याच्यासमोर सुनंदा यांना ड्रॉवर रिकामा करायला लावला. डबा, स्वेटर, औषधाची पट्टी, सासूबाईंच्या ऑपरेशनचे कागद. ते कागद त्यांनी वर धरून दाखवले. कुणी हातात घेतले नाहीत. मीही नाही. एक स्टीलची मोजपट्टी होती, ती त्यांची स्वतःची होती. राजाध्यक्ष म्हणाले, "ती राहू दे. कंपनीची असेल." त्या पट्टी टेबलावर ठेवून गेल्या.

नंतर केबिनमध्ये साहेबांनी मला चहा पाजला. म्हणाले, "मला आधीपासून शंका होतीच. ह्या लोकांना डोक्यावर बसवलं की असंच होतं." ह्या लोकांना म्हणजे कुणाला, ते मला कळलं. माझं आडनाव बघूनच ते माझ्यापाशी असं बोलत होते, हेही कळलं. मी चहा संपवला. बॅकअपबद्दल साहेबांनी दोन वाक्यांत विचारलं, मी डिस्क खराब झाली, तीन आठवड्यांपूर्वीचीच प्रत वाचली असं सांगितलं, आणि ते मानलं गेलं. गुन्हेगार सापडला होता ना.

दोन-अडीच महिने गेले. हरवलेल्या तीन आठवड्यांची ड्रॉइंग तुकड्यातुकड्यांनी पुन्हा काढली गेली. एक दिवस प्रधानांचीच तक्रार आली. ते मुलुंडहून घरून आपल्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरला जोडायला जात, आणि रिसेप्शनचा कॉम्प्युटर उघडत असे. "सबनीस, मी माझंच नाव टाकतोय हो. मला पोरी बसतात तिथलं का दिसतं?"

मी गेलो आणि नोंदवही उघडली. बघतो तर एकेका नंबरापुढे तीन-तीन नावं. दोन वर्षांपूर्वी मोडीत काढलेल्या कॉम्प्युटरांची नावंसुद्धा जिवंत.

हे कसं होतं ते सांगतो. तुमच्या मोबाइलमध्ये एक नंबर ‘गॅसवाला’ म्हणून सेव्ह आहे. गॅसवाल्याने तो नंबर सोडला आणि मोबाइल कंपनीने तो तिसऱ्याच माणसाला दिला. त्या माणसाने तुम्हाला फोन केला की तुमच्या फोनवर काय दिसेल? गॅसवाला. फोन बिघडलेला नाही. तुम्ही जुनं नाव खोडलं नाही, एवढंच. घरून जोडणाऱ्या लॅपटॉपांचं तर रोजच असं चालतं. जो जोडेल त्याला त्या वेळी मोकळा असेल तो नंबर मिळतो, त्याचं काम झालं की तोच नंबर दुसऱ्याला. म्हणून ठरावीक दिवसांनी जुनी नावं आपोआप खोडायची सोय सर्व्हरमध्ये असते. ती चालू करावी लागते. मी केली नव्हती. आठ वर्षांत एकदाही नाही.

प्रधानांचं काम पाच मिनिटांत झालं. मी मात्र खुर्चीतून उठलो नाही. सुनंदा यांनी त्या गुरुवारच्या तीन आठवडे आधी चार दिवस घरून काम केलं होतं. तेव्हा तो नंबर त्यांच्या लॅपटॉपला मिळाला असेल आणि नाव चिकटलं असेल. मग त्या गुरुवारी तो नंबर कुणाकडे होता?

घरून येणारी माणसं ऑफिसच्या इंटरनेटच्या दारावरच्या ज्या पेटीतून आत येतात, ती पेटी कोण आला आणि त्याला कुठला नंबर दिला हे रोज ईमेलने कळवते. तो ईमेल आणि सर्व्हरच्या बाकीच्या सूचना एका वेगळ्या खात्यावर जाव्यात अशी सोय मीच आठ वर्षांपूर्वी केली होती आणि ते खातं नंतर कधी उघडलं नव्हतं. पासवर्ड आठवायलाच वेळ गेला. आत हजारो ईमेल, सगळे न वाचलेले. ‘बॅकअप अयशस्वी’ असे एकवीस दिवसांचे एकवीस ईमेल तिथे होते. आणि त्या गुरुवारचाही होता. पेटीचं लॉगिन ज्याचं त्याचं वेगळं होतं, आणि तो नंबर त्या दुपारी कुणाल नावाच्या लॉगिनला दिलेला होता. कुणाल म्हणजे राजाध्यक्षांचा भाचा, धंदा शिकायला आलेला. तो स्वतःचा लॅपटॉप वापरायचा, कंपनीचा नाही. त्यामुळे नोंदवहीत त्याच्या लॅपटॉपचं नाव कधी चढायचंच नाही. जुनं नाव तसंच राहायचं. सुनंदा यांचं.

हे सगळं त्या शुक्रवारीही तिथेच होतं. एक खातं उघडायचं होतं, बस.

मी तो ईमेल छापून सरळ केबिनमध्ये गेलो. सगळं सांगितलं. बॅकअपचंही खरं सांगितलं. राजाध्यक्षांनी चष्मा लावून कागद वाचला, त्याची घडी घातली आणि तो ड्रॉवरमध्ये टाकला.

"सबनीस, विषय संपलाय तो. हॉस्पिटलचं काम आपण पुन्हा करून दिलं. आता उकरून काय मिळणार?"

"साहेब, त्या बाईंसाठी विषय संपलेला नाही."

"कुणाल माझ्या बहिणीचा मुलगा आहे. त्याने काय मुद्दाम केलं असेल? माउस सरकला असेल पोराचा."

"मग त्यांचा सरकला असेल, असं का नाही म्हणालो आपण त्या दिवशी?"

त्यांचा गोड आवाज गेला. "आपण नाही. तुम्ही. नाव तुम्ही वाचलंत. आणि बॅकअप एकवीस दिवस बंद होता हे मी चार क्लायंटना सांगितलं तर तुम्हाला या एरियात कोण उभं करील? घरी जा आणि शांत डोक्याने विचार करा."

मी घरी गेलो, पण डोकं शांत नव्हतं. मेधाला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिने मान वर करून विचारलं, "त्या बाई आत्ता कुठे आहेत?"

"माहीत नाही. प्रधानांकडे पत्ता असेल."

"मग तू मला काय सांगत बसलायस?"

रविवारी सकाळी मी चारकोपला गेलो. सेक्टरातली बैठी खोली, दाराशी तुळस नव्हती, कढीपत्त्याचं झाड होतं. दार सासूबाईंनी उघडलं. मी नाव सांगितलं. त्या मला नीट न्याहाळून आत वळून म्हणाल्या, "सुनंदा, तो कागदवाला आलाय."

मी बसलो. पाणी मिळालं. सुनंदा समोर उभ्या राहिल्या, बसल्या नाहीत. मी जुळवून आणलेलं सगळं बोललो. गॅसवाल्याचं उदाहरण द्यायला लागलो तेव्हा त्यांनी हात वर केला.

"मला ते कळतं. मी पण कॉम्प्युटरवरच काम करते. एक सांगा. मी दवाखान्याचे कागद दाखवले होते. ते का नाही बघितलेत?"

मी म्हणालो, "माझी चूक झाली."

"चूक रेघ चुकीची मारली की होते. तुम्ही माझ्याकडे बघत होतात." त्यांचा आवाज चढला नाही. "अडीच महिन्यांत पाच ठिकाणी इंटरव्ह्यूला गेले. पाचही ठिकाणी काम पसंत पडलं. मग ते जुन्या ऑफिसला फोन करतात. नंतर मला फोन येत नाही. माझा मुलगा विचारतो, आई, तू खरंच डिलीट केलंस का. नववीत आहे तो. त्याला काय सांगू? कॉम्प्युटर खोटं बोलतो म्हणून?"

सासूबाई आतून म्हणाल्या, "माझ्यामुळे झालं सगळं. डोळे नंतर केले असते तर चाललं असतं."

"तुम्ही गप्प बसा हो आई," सुनंदा म्हणाल्या, आणि तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी खिशातून पत्र काढलं. माझ्या लेटरहेडवर माझी चूक सविस्तर लिहिलेली, खाली सही. त्यांनी ते उभ्यानेच वाचलं आणि मला परत दिलं.

"हे घरी आणून देताय? त्या दिवशी घरी येऊन सांगितलं होतं का? हॉलमध्ये सगळ्यांना उभं करून वाचलंत. तिथेच वाचा. मी समोर असताना."

"ते तुम्हाला आत घेणार नाहीत."

"तुम्हाला घेतात ना?"

सोमवारी अकरा वाजता आम्ही इस्टेटच्या गेटवर भेटलो. त्यांनी इस्त्री केलेली सुती साडी नेसली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या वॉचमनने मान हलवली. "सर, मॅडमला सोडायचं नाही असं सांगितलंय मला."

"माझ्याबरोबर आहेत. रजिस्टरमध्ये लिहा."

तो घुटमळला. मग रजिस्टर पुढे सरकवत हळूच म्हणाला, "ताई, तुम्हीच लिहा. मी फाटक बघून येतो." आणि खरोखरच जिन्याने खाली निघून गेला.

आम्ही आत शिरलो. एकेक मान वर झाली. कुणीतरी "अरे सुनंदा" म्हणालं आणि गप्प झालं. मी मध्ये उभा राहिलो. मी मोठ्याने वाचलं.

"सुनंदा वाघमारे यांच्या लॅपटॉपवरून हॉस्पिटलचा फोल्डर डिलीट झाला, असं मी याच जागी उभा राहून सांगितलं होतं. ते साफ चुकीचं होतं. त्या दुपारी तो नंबर कुणाल यांच्या लॅपटॉपकडे होता. सर्व्हरमधली जुनी नावं मी खोडली नव्हती. बॅकअप एकवीस दिवस बंद होता, तेही मी बघितलं नव्हतं. दोन्ही दोष माझे. सुनंदा वाघमारे यांचा काडीचाही दोष नाही."

केबिनचं दार धाडकन उघडलं. "सबनीस! काय तमाशा लावलाय? आणि हिला आत कुणी सोडलं?"

कोपऱ्यातून कुणाल उठला. पंचवीस-सव्वीसचा, पांढराफटक पडलेला. त्याने मामाकडे बघितलं नाही, सुनंदा यांच्याकडे बघितलं. "ताई, मी फोल्डर दुसरीकडे हलवत होतो. मध्येच कनेक्शन गेलं. परत आलो तर तो नव्हताच. घाबरलो मी. पण तुम्हाला काढलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी मामांना सांगितलं होतं. शनिवारी. ते म्हणाले, आता बोलू नकोस."

आता सगळे राजाध्यक्षांकडे बघत होते.

दुसऱ्याच दिवशी. म्हणजे मी कागद घेऊन केबिनमध्ये गेलो, तेव्हा त्या माणसाला सगळं आधीच माहीत होतं. पाच इंटरव्ह्यूंचे फोन आले, तेव्हा माहीत होतं. ‘डेटा डिलीट केला म्हणून काढलं’ असं फोनवर सांगत होता, तेव्हाही त्याला माहीत होतं. मी आयुष्यात कुणावर हात उचललेला नाही. त्या दिवशी उचलणार होतो. प्रधान मध्ये आले म्हणून मी वाचलो, किंवा राजाध्यक्ष वाचले.

प्रधान माझ्याशी नाही, राजाध्यक्षांशी बोलले. "साहेब, हिला पत्र द्या. कंपनीच्या लेटरहेडवर. आज हिचं नाव निघालं, उद्या माझं निघेल." असं म्हणून ते आपल्या खुर्चीत बसले आणि हाताची घडी घातली. बाकीचेही बसले. माउस कुणीच हातात घेतला नाही.

राजाध्यक्ष दहाएक मिनिटं दार लावून आत होते. मग पत्र टाइप होऊन आलं. तीन ओळी. ‘सदर कर्मचाऱ्याचा घटनेशी संबंध नव्हता.’ सुनंदा यांनी वाचलं आणि म्हणाल्या, "माझं नाव सुनीता नाही."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. पत्र परत टाइप झालं. त्या तिथेच उभ्या राहिल्या, प्रधानांनी खुर्ची ओढली तरी बसल्या नाहीत. दुसऱ्या पत्रात नाव बरोबर होतं, पण आडनाव राहिलं होतं. तेही त्यांनी परत पाठवलं. तिसरं घेतलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं. "नोकरी परत देतो" असं राजाध्यक्ष दारातून पुटपुटले. त्या म्हणाल्या, "नको." एवढंच. मग प्रधानांना नमस्कार केला आणि निघाल्या. माझ्याकडे बघितलं नाही. खाली मी रिक्षा थांबवू का विचारलं, तर म्हणाल्या, "तुम्ही तुमची बघा."

माझा करार त्याच संध्याकाळी एका ओळीच्या मेसेजने संपला. राजाध्यक्षांनी शब्द पाळला. बॅकअपची गोष्ट सांगून माझे दोन क्लायंट तोडले. मला त्याचं वाईट वाटत नाही, कारण गोष्ट खरी होती. राग येतो तो वेगळ्याच कशाचा. तो माणूस आजही गोड आवाजात धंदा करतोय. कुणालला त्याने दुबईला मित्राकडे पाठवून दिलं. प्रधान रिटायर झाले. आणि मी, ज्याने दहा मिनिटांत एका बाईचं नाव काढून दिलं, तो मी दिवाळी अंकात अनुभव लिहितोय.

गेल्या वर्षी घाटकोपरच्या एका इंटिरियरवाल्या ऑफिसने मला बोलावलं. घरून जोडलं की प्रिंटरच्या ऐवजी कुणाचा तरी कॉम्प्युटर उघडतो अशी तक्रार. मॅनेजर तरुण बाई होत्या. मला घेऊन त्या हॉलमधून चालल्या होत्या, आणि खिडकीजवळच्या टेबलावर सुनंदा वाघमारे बसल्या होत्या. केस थोडे पिकलेले. समोर मोठ्या स्क्रीनवर ड्रॉइंग.

मी थांबलो. त्यांनीही बघितलं. मला वाटलं आता म्हणतील, या माणसाला बाहेर काढा, आणि मी निघून जायची तयारी केली.

मॅनेजरबाईंनी विचारलं, "ओळखता का तुम्ही यांना?"

"हो," सुनंदा म्हणाल्या. "जुनी ओळख आहे. काम येतं त्यांना." मग पुन्हा स्क्रीनकडे वळून त्या म्हणाल्या, "फक्त ते जे काही सांगतील ना, ते लिहून घ्या. आणि खाली सही घ्या."

काम तासाभरात झालं. नोंदवहीतली जुनी नावं खोडली, आपोआप खोडायची सोय चालू केली, बॅकअप स्वतः उघडून बघितला. मॅनेजरबाईंनी हसत कागद पुढे केला. "त्या म्हणाल्या म्हणून हं, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

मी काय बिघडलं होतं, कशावरून कळलं आणि कशाची मला अजून खात्री नाही, हे तिन्ही लिहिलं. खाली पूर्ण नाव लिहून सही केली.